भूमध्य समुद्राचा सौम्य हिवाळा

व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालो तेव्हा माझ्याइतका भूगोल जाणणारा माणूस तळेगाव ते आंबी या टापूत दुसरा नव्हता. निदान माझं तसं मत होतं आणि ते मी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. मुंबई मी एकदाच पाहिली होती. समुद्रही त्याच खेपेला पाहिला, तोही ओहोटीचा. पण पृथ्वीवरचा कुठलाही प्रदेश मी छडीच्या टोकानं नकाशावर झटकन दाखवीत असे, आणि गावाला तेवढं पुरेसं होतं.

माझी शाळा आंबीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, भैरवनाथाच्या देवळाच्या ओवरीत भरायची. मास्तर मी एकटा. देव आत, आम्ही बाहेर, आणि सगळ्यांच्या वहाणा पायरीखाली. पाटीलसुद्धा शाळेत आले तर अनवाणी येत. याचं श्रेय देवाचं होतं, पण मी त्यातलं थोडं स्वतःकडे घेत असे.

भूगोलात माझा आवडता धडा भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशाचा. पुस्तकात त्याला दीडच पान दिलं होतं. लोकवस्ती दाट, उद्योगधंदे शेती, फळबागा आणि रेशीम, राहणीमान सुखाचं, लोक आनंदी व गायनप्रिय, उन्हाळा कोरडा, हिवाळा सौम्य व पावसाचा. पावसाचे चार महिने इरल्याखाली वाकून काढणाऱ्या आमच्या गावाला हा धडा म्हणजे स्वर्गाचं वर्णन वाटायचं. मी "हिवाळा कसा?" असं विचारलं की पोरं एका सुरात "सौम्य!" म्हणून असं ओरडत, की देवळावरची कबुतरं उडायची. सौम्य म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. मावळातली बरीच पोरं पलटणीत गेली होती. वरच्या वाडीतल्या एका मावशींचा एकुलता एक मुलगाही त्यात होता. मावशी विधवा, दोन खाचरं भाताची, एक म्हैस, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण चुकलो आहोत हे तीन दिवसांनी कळावं. पोराचं पत्र आलं की पाऊण कोस उतरून त्या माझ्याकडे यायच्या, पायरीखाली वहाणा काढायच्या, पदरातून पाकीट काढायच्या आणि म्हणायच्या, "वाचा, मास्तर."

पत्रात काय असणार? चार ओळी. मी खुशाल आहे, तू काळजी करू नको, म्हशीला जप. पाचव्या ओळीवर, पलटणीचा ठावठिकाणा फुटू नये म्हणून फासलेली सरकारी काळी शाई. पाऊण कोस चालून आलेल्या बाईला चार ओळींवर परत पाठवायचं माझ्या जिवावर यायचं. शिवाय वर्गातली पोरं कान टवकारून बसलेली असत. मास्तरानं एवढंसं वाचून थांबणं त्यांना आणि मला दोघांनाही कमीपणाचं वाटे.

एकदा त्यानं लिहिलं, "इथं जांभळासारखी फळं आहेत, पण खाल्ली की थुंकावी लागतात." ही ओळ शाईतून सुटली होती. मी टाळीच वाजवली. हे तर ऑलिव्ह! तळेगावच्या वाचनालयातल्या वर्तमानपत्रात आपल्या पलटणी इटलीत असल्याचं मी वाचलंच होतं. म्हणजे पोरगं नेमकं माझ्या दीड पानात जाऊन पोचलं होतं.

त्या दिवसापासून पत्राच्या चार ओळी संपल्या की मी न थांबता पुढे पुस्तकातलं वाचू लागलो. पत्राचा कागद डोळ्यांसमोर धरूनच. "इथे संत्र्यांच्या व द्राक्षांच्या बागा आहेत. लोक आनंदी व गायनप्रिय आहेत." पोरगं एकाएकी फार शुद्ध लिहायला लागलं याचं मावशींना काही वाटलेलं दिसलं नाही. त्या मात्र प्रश्न असे विचारायच्या की माझी धांदल उडावी.

"तितं भात व्हतो का?"

"होतो. उत्तरेकडे होतो." हे पुस्तकात एका ओळीत होतं, देव पावला.

"मंग लावनी कोन करतं? बाया?"

हे पुस्तकात नव्हतं. "बायाच," मी ठोकून दिलं.

"गातात न्हवं का ती लोकं? मंग लावनीलाबी गात असतील." एवढं म्हणून त्या समाधानानं उठायच्या. वाडीत जाऊन त्यांनी काय सांगितलं देव जाणे, पण महिन्याभरात माझ्याकडे एक माणूस आला आणि पलटणीत नाव कुठं नोंदवतात ते विचारू लागला. का, तर संत्री.

मग दसरा झाला आणि एके दिवशी मावशी पत्र नसताना आल्या. काखेत नवी कोरी घोंगडी. दोन पायल्या आंबेमोहोर देऊन धनगराकडून मुद्दाम जाड विणून घेतली होती. "पोराला धाडा," म्हणाल्या. "थंडी सुरू व्हईल आता."

इथं मला खरं ते सांगायला हवं, कारण तेव्हा सांगितलं नाही. परदेशी पार्सल पाठवायचं म्हणजे मांजरपाटात शिवायचं, शिवणीवर लाख लावायची, इंग्रजी फॉर्म भरायचा आणि इंद्रायणी ओलांडून तळेगावच्या पोस्टात जाऊन उभं राहायचं. मला शिवण येत नव्हतं. फॉर्ममधल्या इंग्रजीची मला धास्ती होती. आणि त्या रविवारी मला लोणावळ्याला एका मित्राकडे जायचं होतं. म्हणून मी हसलो आणि पोरांकडे वळून विचारलं, "काय रे, भूमध्य समुद्राकाठचा हिवाळा कसा?"

"सौम्य!" कबुतरं उडाली.

"ऐकलंत ना, मावशी? तिथं थंडीच नसते. एवढी घोंगडी पांघरून पोरगं घामानं भिजेल. पलटणीत हसतील त्याला."

मावशींनी घोंगडीवरून एकदा हात फिरवला. "व्हय का? पुस्तकात हाय म्हंजी असंल," म्हणाल्या आणि ती परत काखेत मारून वाडीकडे चढून गेल्या. मी लोणावळ्याला गेलो. खूप मजा आली.

त्या हिवाळ्यात पत्रं आली नाहीत. मग एक आलं, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात. मी दवाखान्यात आहे, बरा आहे, काळजी करू नको. त्या दिवशी माझ्या तोंडून संत्री निघाली नाहीत. मावशींनीही भाताचं विचारलं नाही.

लढाई संपली, आणि पुढच्या वर्षी भाताची झोडणी चालू असताना पोरगं घरी आलं. दुसऱ्याच दिवशी मावशी त्याला घेऊन शाळेत आल्या. त्या देशाची माहिती असलेली गावात आम्ही दोनच माणसं, तेव्हा आमची गाठ पडायलाच हवी, असं त्यांचं म्हणणं. घोंगडी काखेत होतीच. मला वाटलं, पोराला पांघरायला आणली असेल. मी त्याला 'ये रे' म्हणायचं ठरवलं होतं, पण त्याची खाकी, मिशा आणि ते बूट बघितल्यावर तोंडातून "या, बसा" असंच निघालं. तो मात्र ओवरीत न येता पायरीवरच बसला, बूट न काढता.

मी वर्गाला म्हटलं, आता प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून धडा ऐका. छडी घेतली आणि नकाशाजवळ उभा राहिलो. "लोकवस्ती कशी आहे तिकडची?"

"मानसं लय," तो म्हणाला. "पन बाप्ये दिसत न्हाईत. बाया, म्हातारी न् पोरं. बाप्ये कोन मेलेलं, कोन धरून नेलेलं, न् कोन लढाईच्या आदीच पोट भराया अमेरिकेला गेलेलं."

"उद्योगधंदे?"

"डोंगर फोडून पायऱ्या पाडल्यात, न् त्यावर शेती. आपल्यावानीच. दगूड येचून येचून कंबर मोडती. ते कडू जांभळाचं त्याल काडत्यात, ते चांगलं असतं. मागनं आमाला वर उत्तरंला नेलं. तितं भात हाय, मास्तर. बाया गुडघाभर पान्यात वाकून लावनी करत्यात."

"गातात का?" मावशींनी मध्येच विचारलं.

"गातात, आये. आपल्यागतच."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षेत पास झालो. खरं म्हणजे मी स्वतःच चकित झालो होतो. त्या उत्साहात मी विचारलं, "आणि राहणीमान? सुखाचं ना?"

तो हसला. "डोंगरातली लोकं मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं शिजवून पाटावर वततात, न् समदी भवतीनं बसून खातात. तेबी असलं तर. आमच्या जेवनाच्या येळंला पोरं डबडी घिऊन उबी ऱ्हायाची. मला घास जात नव्हता."

धडा सावरायला हवा होता, म्हणून मी माझं हुकमी पान काढलं. "बरं, हवामान राहिलं. सांगा रे पोरांनो, हिवाळा कसा?"

"सौम्य!"

तो पोरांकडे बघून हसला, पुन्हा म्हणा म्हणाला, आणि पोरांनी पुन्हा म्हटलं. मग त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढले, मोजे काढले आणि ओवरीत आला. डाव्या पायाला अंगठा होता आणि पुढं काही नव्हतं. उजव्याची दोन बोटं गेली होती.

"सौम्य म्हंजी काय ते मला म्हाईत न्हाई," तो पोरांना सांगू लागला. त्यात राग नव्हता. "पन तितं बरफ पडतं. कंबरंएवडं. चार दिस बूट वले, काडता येईनात. पाचव्या दिशी चालता येईना, तवा एका म्हातारीच्या घरात टाकलं मला. तिनं माझं पाय मांडीवर घिऊन चोळलं. घरात फडकं न्हवतं, तर अंगावरची शाल फाडून बांदली. तिच्यापाशी दुसरी न्हवती. डागदर म्हनला, तिच्यामुळं पाय ऱ्हायले, न्हाईतर घोट्यापसनं कापावं लागलं असतं."

माझ्या हातातली छडी खाली पडल्याचं मला पोरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी ते पाय आदल्या दिवशीच पाहिले होते, उंबऱ्यात पायांवर पाणी घालताना. त्या म्हणाल्या, "तुमी कशाला वाईट वाटून घेता, मास्तर? पुस्तकातच थंडी न्हवती. तुमी तरी काय करनार?"

मला वाट मोकळी करून दिली होती. पुस्तकावर ढकललं की सुटलो. पुस्तक लिहिणाऱ्याला आंबीला येऊन जाब द्यावा लागणार नव्हता. पण त्या बाईंनी पाऊण कोस वाट किती वेळा तुडवली असेल हे मनात आलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की बोलल्यावाचून राहवेना.

"मावशी, पुस्तकाचं असूद्या. मला पार्सल शिवायचा कंटाळा आला होता. मला लोणावळ्याला जायचं होतं. आणि ती संत्री, द्राक्षं, गाणी, त्यातलं एक अक्षर यानं लिहिलं नव्हतं. ते मी घालत होतो."

पोरगं म्हणालं, "आत्ता गं! मी म्हनतोय, आये कालपसनं संत्री काय म्हनून इचारतीया."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी काखेतली घोंगडी काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

"मंग आता शिवा," म्हणाल्या. "त्या म्हातारीला धाडायची हाय. शाल गेली न्हवं का तिची."

मी तिथंच, वर्गासमोर, मांडी घालून शिवायला बसलो. शिवणातलं माझं ज्ञान पाहून मावशींनी दोनदा माझी शिवण उसवली. पोरांना त्या दिवशी जेवढं शिक्षण मिळालं तेवढं माझ्या हातून आधी कधी मिळालं नव्हतं. पत्ता म्हणजे गावाचं नाव आणि 'देवळाच्या पाद्रीबाबांमार्फत', एवढाच. म्हातारीचं नाव पोराला ठाऊक नव्हतं, म्हणून मी 'जिनं शाल फाडली ती' असं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. तळेगावच्या पोस्टातल्या कारकुनानं तो पत्ता दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता शिक्का मारला.

पुढं पोराला लोणावळ्याजवळ तुंगार्लीच्या एका बंगल्यावर राखणदाराची जागा मिळाली. वरच्या इयत्तेच्या परीक्षेत 'हिवाळा सौम्य' असंच लिहायचं, कारण साहेब पुस्तक बघून मार्क देतात, हे मी पोरांना सांगून ठेवलं. मात्र वर्गात कुणी ते ओरडलं नाही. कबुतरांना सुख झालं.

खाचरं पुन्हा पिवळी पडायला लागली होती, तेव्हा मावशी आल्या. एकट्याच. पायरीखाली वहाणा काढल्या, पदरातून एक कार्ड काढलं. एका बाजूला डोंगरावरच्या देवळाचं चित्र, दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत सात ओळी.

"वाचा, मास्तर."

अक्षरं मला लागत होती, भाषा लागत नव्हती. हिंदुस्थानचं नाव तेवढं ओळखू आलं. माझ्या जिभेवर लगेच तीन वाक्यं तयार झाली. घोंगडी पोचली. फार ऊबदार आहे. तुमच्या पोराला आशीर्वाद. तिन्ही खरी असण्याचीच शक्यता होती, आणि पोरं कान टवकारून बसली होती.

"मावशी," मी म्हटलं, "मला हे वाचता येत नाही."

सगळी ओवरी माझ्याकडे बघायला लागली. मावशींनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्या सात ओळींवरून एकदा हात फिरवला, त्या दिवशी घोंगडीवरून फिरवला होता तसाच.

"मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "आलंय म्हंजी पोचलंय."

कार्ड पदरात बांधून त्या वाडीच्या वाटेला लागल्या.