रंग अडवणारी रेघ

आमच्या घरात लाकडाची कामं वाटून घेतलेली आहेत. कातायचं मी, रंगवायचं मी आणि जाळायचं बायकोनं. शेंद्र्याच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी लोखंड कातण्यात गेली. निवृत्त झाल्यावर छावणीतल्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये छोटा लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र, बसवला आणि आंब्याच्या लाकडाचे वाडगे काढायला लागलो. लोक येतात, वाडगा उलटासुलटा करून बघतात आणि म्हणतात, "वेळ छान जातो तुमचा." माझं डोकं फिरतं. वेळच घालवायचा असता तर मी झोपा काढल्या असत्या.

बायकोचा हात मेंदीवर तयार झालेला. लाकडावर नक्षी जाळायचं विजेचं पेन तिनं धरलं, तेव्हा मला शिकवायला काही उरलंच नाही. वेली, कोयऱ्या, पोपट, सगळं ती मनानंच काढायची. धूर डोळ्यांत गेला की मलाच बोलायची, जणू तो मी सोडला होता.

तिची रेघ नुसती शोभेची नव्हती, हे बाहेरच्यांना कळत नाही. आम्ही स्पिरिटमध्ये कालवलेला रंग लावतो. तो लाकडात पसरत सुटतो. लालाशेजारी पिवळा लावला की दोघं खुशाल एकमेकांच्या घरात शिरतात. मध्ये जळलेली रेघ असली तर मात्र रंग तिथंच अडतो. म्हणून आधी तिनं जाळायचं आणि मग मी रंगवायचं, ही आमची पद्धत.

गेल्या वर्षापासून तिचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि थरथर कमी होईल, पण जाणार नाही, हेही स्पष्ट सांगितलं. पुढं एकदा पोपटाची चोच काढताना पेन घसरलं आणि त्याच्या पोटावरून काळा ओरखडा गेला. तिनं पेनची वायर गुंडाळली आणि ते कपाटात ठेवून दिलं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी चिडतो, त्यामुळं दिवसभर लेथवर खेकसत राहिलो.

मग ठरवलं, तिला त्याची आठवणच नको. जाळण्यावाचून होतील असेच वाडगे करायचे. शहागंजातून रंगाच्या नव्या पुड्या आणल्या, एक वाडगा नखशिखांत रंगवला आणि तिच्यापुढं ठेवला. रंग एकमेकांत शिरून मधला भाग मातकट झाला होता. हल्ली असंच चालतं, असं मी ठोकून दिलं.

तिनं वाडगा उजेडात धरला. "माझी जागा कुठंय?"

"अगं, तुला त्रास नको म्हणून..."

"हात देतोय तेवढा त्रास लई झाला. तुम्ही भर नका घालू."

पुढचे काही दिवस आमचं बोलणं चहा-जेवणापुरतं उरलं. लेथवर फिरत्या लाकडाला तार टेकवली की ती घासून तापते आणि काळी रेघ उमटते, हे मला ठाऊक होतं. पण घरात तिची रेघ असताना तारेची कोण घेतो? आता मी कोऱ्या वाडग्यावर गोल बारीक खाच पाडली, तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बसवल्या आणि तिला हाक मारली.

"दोन्ही मुठी धर. तार बोटाला गुंडाळायची नाही. ओढ लागली की सोडून द्यायची, कळलं?"

"व्हय हो, ऐकलं."

मी लेथ चालू केला. तिचे हात थरथरत होते, मुठी थरथरत होत्या, पण तार खाचेत बसली होती. बारीक धूर निघाला. लेथ थांबवला तेव्हा वाडग्याभोवती काळं कडं उमटलं होतं.

तिनं त्यावरून अंगठा फिरवला. तोंडावर आनंद काही दिसेना.

"ही तर कुणीबी काढील. आणि खरं सांगा, रंग थांबतो का हिच्यानं? का नुसतं माझं मन राखायलात?"

मी तारेच्या रेघेवर रंग कधी लावलाच नव्हता. "माहीत नाही," मी म्हणालो. "लावून बघू."

"मी लावते."

तिनं चिंधी लाल रंगात बुडवली आणि कड्याच्या बरीच खाली टेकवली. रंग पसरत वर चढायला लागला. आम्ही दोघं वाकून बघत होतो. मी मनात देवाचं नाव घेत होतो, आणि मी काही देव देव करणारा माणूस नाही. रंग कड्याला टेकला आणि तिथंच राहिला. मग तिनं वरच्या बाजूला पिवळा लावला. तोही खाली उतरत येऊन कड्याशी थांबला.

ती रडली. मलाही राहवलं नाही. वेली गेल्या, पोपट गेले, ते काही परत यायचे नाहीत, हे त्या शेडमध्ये दोघांनाही कळत होतं.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि मुठी पुन्हा हातात घेतल्या.

"दुसरं लाकूड लावा," ती म्हणाली. "आणि जागा जरा जास्त सोडा. मला दोन रेघा काढायच्यात."