अविटलची जागा

आभा तुळपुळेला डॉल्फिनचं वेड आहे, हे खांदा कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. प्राणिशास्त्राची पदवी हातात पडल्यावर तिने एकच ध्यास घेतला. डॉल्फिनचा अभ्यास करणारी एक संस्था श्रीवर्धनच्या बाजूला काम करायची आणि नव्या पदवीधरांना इंटर्न म्हणून घ्यायची. रोज होडीतून जायचं, दिसेल त्या डॉल्फिनच्या पाठीवरच्या पंखाचा फोटो काढायचा आणि पंखावरच्या खाचांवरून कोण कोणता ते ओळखायचं. आभाला दुसरं काहीच नको होतं.

अविटल पेणकर ही तिची कॉलेजमधली बाकावरची शेजारीण, पनवेलमधल्या जुन्या बेने इस्रायली घरातली. तिला समुद्राचं विशेष काही नव्हतं. आभानेच तिच्या मागे लागून अर्ज करायला लावला.

"कर ग तूही. दोघी असलो तर आई मला सोडेल तरी."

निवड झाली अविटलची. आभाचं नाव वेटिंग लिस्टवर पहिलं आलं.

अविटल निघायच्या आधी तिच्या आईने, अबीगेलमावशीने, घरी मलिदा केला. प्रार्थना झाली आणि गूळखोबऱ्यात कालवलेले पोहे, वर केळ्याचे काप, असं ताट आभासमोर आलं. "तुझ्यामुळे झालं हो सगळं," मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. आभा हसली. ताटातले पोहे मात्र ती नुसतीच चिवडत राहिली. मुलाखतीत ही असं काय बोलली असेल? हिला तर डॉल्फिन आणि त्याचा बिनचोचीचा भाऊबंद पॉर्पॉइज यांतला फरकही मीच सांगितला होता!

मग आभाने नवीन पनवेलच्या एका क्लासमध्ये नववीला विज्ञान शिकवायला सुरुवात केली. अविटलचे फोटो यायचे. लाइफ जॅकेट घातलेली अविटल, दुर्बीण लावलेली अविटल, उन्हाने नाक सोललेली अविटल. त्या सोललेल्या नाकाचासुद्धा आभाला हेवा वाटायचा. ती फोटोला बदाम पाठवायची आणि फोन उलटा करून ठेवायची.

"अविटलचं बघ कसं छान चाललंय," आई म्हणायची. तिच्या मनात काही नसायचं, पण आभा ताटावरून उठायची.

एका दुपारी अविटलचा फोन आला. आवाज रडवेला.

"आभा, मला रोज उलट्या होतायत. होडीत बसलं की सुरू. आणि इतक्या दिवसांत एक डॉल्फिन नाही दिसला. मी परत येऊ का?"

बोट लागते ती बहुतेकांना सुरुवातीलाच, गोळी घेऊन क्षितिजाकडे नजर ठेवली की हळूहळू अंगवळणी पडते, हे आभाने कितीदा वाचलं होतं. ते सगळं तिच्या ओठांवर आलंही.

"तब्येतीपुढे काही नाही," ती म्हणाली. "ये तू परत."

फोन ठेवल्यावर तिचा तिलाच आनंद लपवता येईना. संध्याकाळी बाजारात जाऊन तिने गळ्याला दोरी बांधता येईल अशी उन्हाची टोपी घेतली. लाज वाटत होती, पण टोपी घालून आरशात पाहिलंच.

अविटल परत आली नाही. दुसऱ्याच दिवशी तिच्याकडून फोटो आला. राखाडी पाण्यातून वर आलेल्या दोन पाठी, खाली लिहिलेलं, "दिसले!!!" त्या रात्री आभाला आपण किती वाईट आहोत हेही कळलं, आणि त्याने मत्सर रतीभरही कमी होत नाही हेही.

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी कादंबरी, अविटलच्या टीमची प्रमुख. उरणच्या किनाऱ्यावर मेलेला पॉर्पॉइज आलाय. आम्हाला पोहोचायला दुपार होईल. वनखात्याला कळवलंय. अविटल म्हणते, तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. जाशील?"

क्लासला सुट्टी टाकून आभा निघाली. उलव्यापुढे कंटेनरच्या ट्रेलरांतून रिक्षा रखडत गेली. किनाऱ्यावर गर्दी जमली होती. काळसर, गुळगुळीत, पाठीवर पंख नसलेला तो जीव वाळूत पडला होता, आणि एकजण त्याच्यावर पोराला बसवून फोटो काढत होता.

"उतरवा त्याला!" आभा ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं.

"मेलाय तो, ताई. त्याला काय व्हतंय?" एक म्हातारी म्हणाली.

"का मेला ते बघायचंय, आजी. हात लागले तर कळणार नाही. आणि रोगबिग असला तर पोराला लागेल."

म्हातारीने मग स्वतःच लोकांना मागे रेटलं. "सरा रे मागं! आमी बघतो, तुमी नाय हात लावायचा." वनखात्याचा माणूस आला, त्याच्या मदतीने आभाने मापं घेतली, फोटो काढले. कुजका वास नाकात बसला होता. पण कित्येक दिवसांत ती इतकी शांत नव्हती.

दुपारी जीप आली. अविटल उतरली, काळवंडलेली, काटक. हातमोजे चढवून ती सरळ कामाला लागली. जाळ्यात अडकून मेल्याची खूण, दातांजवळचे वळ, तिने आधी दाखवले, जे आभाच्या नजरेतून सुटले होते. आभाच्या छातीत पुन्हा तीच कळ उठली.

काम संपल्यावर दोघी वाळूत बसल्या.

"मी तुला परत ये म्हणाले ना," आभा म्हणाली, "तुझी जागा मला हवी होती म्हणून."

"माहीत होतं," अविटल म्हणाली. "म्हणूनच तर तुला फोन केला. तू ये म्हणालीस की यायचं, जागा तुला मिळेल, असं ठरवलं होतं. बॅग भरली होती मी."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी डॉल्फिन दिसले. मग नाही सोडवलं मला. तुझी जागा आहे हे कळत असूनही नाही सोडवलं."

आभाला राग यायला हवा होता. तिला हसू आलं, आणि मग रडूही.

पुढच्या तुकडीत कादंबरीताईंनी आभाला घेतलं. अविटल तोवर तिथेच सहायक म्हणून लागली होती, त्यामुळे होडीत कुणी कुठे बसायचं हे तीच सांगते. ते ऐकताना आभाच्या आत अजूनही काहीतरी आवळतं. मग अविटल हळूच म्हणते, "डावीकडे बघ, डावीकडे," आणि आभा कॅमेरा उचलते.