धरलेला सूर

इस्तंबूलच्या समात्या वस्तीत नेशेत उस्ता नेय वाजवायचा, म्हणजे बोरूची लांब बासरी. त्याचा शेजारी प्रोद्रोमोस घरी लांब दांडीचा तानबूर छेडायचा आणि रविवारी चर्चमध्ये गायचा. हा मुसलमान, तो इथलाच ग्रीक. दोघं जन्मभर भांडले आणि भांडायला विषय एकच.

"तुमचा हिजाज मकाम, अख्खा राग, आमच्याकडनं उचललेला," प्रोद्रोमोस म्हणायचा. "चर्चमध्ये आम्ही तो कधीपासनं गातोय!"

"हो, आणि इस्तंबूलही तूच बांधलंस! एवढं थोर तुमचं गाणं, मग देवापुढे तानबूर का नेत नाहीस?"

"देवानं गळा दिलाय की. लाकूड कशाला? तू नेतोस का रे मशिदीत तुझा बोरू?"

यावर नेशेत चहा ढवळत बसायचा. लाकूड दोघांचंही दाराबाहेरच राहायचं, खोटं कशाला बोला!

चर्चमध्ये गाणाऱ्याच्या बाजूला माणसं खालचा एकच सूर धरून उभी राहतात. तंबोऱ्याचं काम तिथं गळा करतो. त्याला ते इसोन म्हणतात. प्रोद्रोमोसकडे असे चौघे होते. ज्या साली सरकारनं ग्रीक पासपोर्टवाल्यांना देशाबाहेर हाकललं, त्या साली दोघे एकेक पेटी घेऊन गेले. तिसरा मुलीकडे मेलबर्नला गेला, चौथा मेला. प्रोद्रोमोसची बायको एवांथिया वारली तेव्हा सूर धरायला कुणीच उरलं नव्हतं. तो तिच्या शवपेटीशेजारी एकटा गायला. मागे टोपी हातात धरून उभ्या असलेल्या नेशेतला ते ऐकवेना.

"तिला मी खालच्या सुराशिवाय, उघडीच पाठवली रे," घरी आल्यावर प्रोद्रोमोस म्हणाला. "माझ्या वेळी सूर तू धर."

"मी? अरे, नमाजी माणूस मी!"

"शब्द कुठे म्हणायचेत? नुसता 'आ' धरायचा. तेवढ्यानं बाटतोस की काय?"

मग दुपारी तालीम सुरू झाली. प्रोद्रोमोस अंत्यविधीची पदं गायचा, नेशेत सूर धरायचा. जरा हलला की शिवी बसायची. "खांब हो, गाढवा, खांब! नेय वाजवू नकोस गळ्यानं!" पुढे नेशेतची फुप्फुसं बिघडली. डॉक्टरनं नेय बंद केली, ती कपाटावर गेली. तालीम मात्र त्यानं सोडली नाही. शब्द दिला होता ना!

ऐन थंडीत प्रोद्रोमोस गेला. पलीकडच्या किनाऱ्यावरून एक पाद्री आला, त्याला परतीची बोट गाठायची होती. बाकी तीन म्हाताऱ्या, बस्स. नेशेत ठरल्या जागी जाऊन उभा राहिला.

"गाणारा कुठाय, पापाझ एफेंदी?" त्यानं पाद्रीला विचारलं.

"आता कुठले गाणारे, बाबा! मी वाचून काढतो."

नेशेतनं शवपेटीकडे पाहिलं. गाणारा पेटीत होता. इतक्या दुपारी खालचा सूर घोटला आणि वर कोण गाणार, हे दोघांतल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. येडे, दोघंही येडे!

सूर द्यायचा तो गाणाऱ्यानं, अशी रीत. आता देणार कोण? नेशेत धापा टाकत गल्ली ओलांडून प्रोद्रोमोसच्या घरी गेला. खुंटीवरचा तानबूर काढून त्यानं खालची तार छेडली. तानबूर परत टांगला आणि तो सूर ओठ मिटून घशात जपत चर्चमध्ये आला. वाटेत दूधवाल्यानं सलाम केला, त्यालाही त्यानं उत्तर दिलं नाही.

पाद्री भरभर वाचत होता. नेशेतनं सूर धरला. दम तुटला, खोकल्याची उबळ आली, त्यानं पुन्हा धरला. पाद्रीनं एकदा वर पाहिलं आणि वाचणं आणखी वेगात चालवलं. नेशेतला त्या सुरावरचं प्रत्येक पद आठवत होतं, कुठं चढतं, कुठं थांबतं, सगळं. पण वर, जिथं प्रोद्रोमोसचं गाणं असायचं, तिथं काही नव्हतं. पेटीवर झाकण बसलं तरी तो थांबेना.

एका म्हातारीला दया आली. तिनं पाण्याचा पेला पुढे केला. "उस्ता, नका हो एवढं रडू."

नेशेतनं मान हलवून पेला बाजूला सारला. उत्तर द्यायचं तर सूर सोडावा लागला असता.