समुद्राला शेणखत

आमचा चुलतभाऊ कोंडीबा कोरेगावकडचा, पण चाकरीला गेला कुठं, तर रत्नागिरीकडं खाडीवर! त्याचं असं झालं. लढाई संपली, पलटणीतून सुटून गडी घरी आला, तर थोरल्या भावानं दुसऱ्याच दिवशी औताला जुंपला. कोंडीबा म्हणाला, "जपानी परवडला, पर दादा नगं!" अन् खाडीवर नवं शास्त्राचं ठाणं निघालं होतं, तिथं जाऊन बाटल्या धुवायला लागला.

ठाण्याचे साहेब शरच्चंद्र, वाईचे. माणूस भारी सोवळा, म्हणजे पाण्याच्या बाबतीत. समुद्रात डोळ्याला न दिसणारे हिरवे जीव तरंगतात, मासळीचा चाराच तो. त्यातल्या दोन जाती साहेबांनी बारा बाटल्यांत एकत्र पेरल्या होत्या. पाणी गाळलेलं, उकळलेलं, क्षार तोलून घातलेले. तरी एक जात कशीबशी तगायची अन् दुसरी आठवड्यात पांढरीफटक.

साहेब कोंडीबावर उखडले. "तुझ्या हाताचा मळ जातो यात! या खेपेला मेली, तर गावी जायचं."

गावी म्हणजे दादा! कोंडीबाला घाम फुटला. बाटल्यांपुढं उकिडवा बसून बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, एवढ्या शिकलेल्या माणसानं पिकाला खतच घातलं न्हाई की! शेजारच्या रंगूबाईच्या गाईचं शेण आणलं, पाण्यात कालवलं, पटक्याच्या टोकानं गाळलं, अन् चार-चार थेंब सहा बाटल्यांत सोडले. सहाच का? अहो, नवं खत आपण आधी अर्ध्याच रानात टाकतो. फरक कळायला नको?

आठवड्यानं त्या सहा बाटल्या हिरव्यागार! मरतुकडी जात पहिलीला रेटून बसलेली. साहेब हरखले.

"काय केलंस रे?"

"शेण घातलं."

"गाढवा! शास्त्रात शेण?"

"सायेब, रान असू द्या न्हाईतर बाटली. बिनखताचं कवा पिकलंय व्हय?"

"सामान बांध तुझं!"

कोंडीबानं वळकटी बांधलीसुद्धा. पण साहेबांची नजर उरलेल्या सहा फिक्या बाटल्यांवर गेली, अन् ते खाली बसले. मग नाकाला उपरणं लावून स्वतः शेणपाणी उकळलं, नितळ होईतो गाळलं, अन् त्यातलं तीन फिक्या बाटल्यांत घातलं. आठ दिवसांत त्या तिन्ही हिरव्या!

"कोंडीबा," साहेब म्हणाले, "ही दुसरी जात आयतखाऊ आहे. तिला लागणारं एखादं जीवनसत्त्व तिला स्वतःला करता येत नसणार. ते जंतू करतात, शेणात, मातीत, नदीच्या गाळात. मोठ्या पुरानंतर खाडीत हिचीच गर्दी का होते, ते मला आज कळलं. ज्या पाण्यात जे सत्त्व, तिथं ते लागणाऱ्या जातीची वस्ती."

"आमी त्येला खतच म्हणतो."

"वळकटी सोड. मात्र प्रयोगाला शेण रोज एकाच गाईचं हवं, ताजं, जमिनीला न लागलेलं."

झालं! नोकरी राहिली. तेव्हापासून लढाईवर जाऊन आलेला आमचा जवान रोज सकाळी पातेलं घेऊन रंगूबाईच्या गाईच्या शेपटीमागं उभा. गाय मनावर घेईपर्यंत हलायचं न्हाई, असा साहेबांचा हुकूम होता.