अकरात बसलेली ओळ

ओल्या कांद्याचा वास आला की मला चौदा ओळींचं स्पॅनिश सुनीत आठवतं. स्पॅनिशच्या परीक्षेची ती माझी शेवटची संधी होती. दुपारी तीनच्या आत कवितेच्या वृत्ताचं विश्लेषण फोनवरून पाठवायचं होतं, आणि मी शिरूरच्या मार्केट यार्डात मामांच्या कांद्याच्या गोण्यांवर बसलो होतो. यमकं चटकन सापडली, पण अकरा अक्षरांच्या ओळी कुठं बारा, कुठं तेरा भरत होत्या. मोजून मोजून बोटांची पेरं झिजली, घामानं घोडनदीला पूर आला. ढोलावर ओव्या गाणारे मामा म्हणाले, "वाच बरं मोठ्यानं." मी वाचलं. "आरं, शब्द संपला की थांबतोस कशाला? एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जाऊ दे की!" त्यांनी मांडीवर ठेका धरला, मी एका शब्दाच्या शेवटच्या स्वराला पुढच्याचा पहिला स्वर चिकटवून दोन्हींचं एकच अक्षर धरलं, आन् ओळ अकरात बसली! चौदाही बसल्या. पाठवायला गेलो तर तीन वाजून चार मिनिटं झालेली, बटणच बंद. मी गोणीवर डोकं आपटून रडायला लागलो. "बसली न्हवं कविता? मग रडतोस का?" मामा म्हणाले. "आनंदानं, मामा. पास झालो." त्यांनी यार्डभर पेढे वाटले. परवा मामा गेले, म्हणून आज खरं लिहितोय.