वीस सेकंदांत तेवीस ठोके

माझ्या मोठ्या मावशीला आमच्या घरात सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण घर एवढंसं होतं की पाठीमागे म्हटलेलंही तिच्या कानावर जायचंच. कारण विचारलं की आई म्हणायची, “एकदा म्हणाली होती, मी रेकॉर्डवर गायलेय. तेव्हापासून.” मग सगळे हसायचे. मीही हसायचो. पन्नाशी ओलांडली तरी हसत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी शहाणा वाटलो तर तुमची फसगत नको.

मावशीने सरकारी छापखान्यात चौतीस वर्षं काढली. तिचं काम मूळ कागद मोठ्याने वाचायचं. समोर बसलेला माणूस छापून आलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचा आणि चुका धरायचा. “नियम चार, पोटनियम दोन, कंसात अ, कंस पूर्ण, स्वल्पविराम,” असं सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. कायदे, परिपत्रकं, निविदा, हरवलेल्या शिक्क्यांच्या जाहिराती. घरी आल्यावर तिच्यात बोलायचं त्राणच उरायचं नाही. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एका बर्नरची शेगडी आणि खिडकीशी खुर्ची. आमच्याकडे यायची ती महिन्यातून एकदा, तासभर टेकायची आणि आई ‘जेवूनच जा’ म्हणायच्या आत उठायची.

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पोटासाठी इस्त्र्या आणि मिक्सर, हौसेसाठी जुने रेकॉर्ड प्लेअर. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून आमची मंडळी जमायची. आमचं वेड एकच: साठच्या दशकातल्या, कुणीही न ऐकलेल्या छोट्या रेकॉर्डी. ज्या कंपन्या दोन-तीन वर्षांत बुडाल्या, ज्या गायकांना त्यांच्या शेजाऱ्यांनीही ओळखलं नाही, त्यांच्यासाठी आम्ही एकमेकांची नरडी धरायचो. मास्तर आमचे प्रमुख. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, नोंदवही त्यांच्याकडे. दुसरा चष्मेवाला, त्याचं दुकान माझ्याच रांगेत. तिसरे निवृत्त बसकंडक्टर, ज्यांना अजूनही समोरच्याला पुढे सरकवल्याशिवाय बोलता येत नाही.

आमच्या भांडणांचा राजा म्हणजे एक काळी छोटी तबकडी. लेबलवर दोन बहिणींची नावं. पण ऐकायला आवाज येतात तीन. सुरुवातीला वीस-पंचवीस सेकंद वाद्यं नाहीत, शब्द नाहीत, नुसता एका बाईचा आलाप आणि त्याच्या मागे घड्याळाची बारीक टिकटिक. मग त्या दोघी येतात, आणि शेवटच्या कडव्यात तो पहिला आवाज पुन्हा वर चढतो, असा की अंगावर काटा येतो. ती कोण? आम्ही तिला ‘तिसरी’ म्हणायचो. मास्तरांचं मत, धाकट्या बहिणीलाच दोनदा गायला लावलंय. चष्मेवाला म्हणे, ही बाईच नव्हे, आवाज न फुटलेला मुलगा आहे. कंडक्टरांनी तर कुठल्याशा नाटक कंपनीतली एक नटी शोधून काढली होती आणि तिच्या पुतण्याला पत्रं लिहून भंडावून सोडलं होतं. अकरा वर्षं हे चाललं होतं. त्या टिकटिकीवरसुद्धा दोन वर्षं गेली: घड्याळ भिंतीवरचं की उभं, चावीचं की वजनाचं. मी म्हणायचो वजनाचं. मला त्याचा अभिमानही होता.

एका रविवारी तीच तबकडी लावली होती आणि शटरखालून वाकून मावशी आत आली. हातात बिघडलेली इस्त्री. ती तशीच उभी राहिली. गाणं संपलं तसं म्हणाली, “हे माझं गाणं आहे. पण हे पळतंय.”

आम्ही चौघांनी आदराने तिच्याकडे पाहिलं, असं लिहायला हात शिवशिवतोय. खरं म्हणजे तिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी जमिनीकडे.

“माझी मावशी,” मी म्हणालो. आवाजात माफी होती. ती तिला ऐकू आलीच असणार. आयुष्यभर तिने स्वल्पविरामसुद्धा वाचून दाखवले होते.

मास्तरांनी तिला स्टूल दिलं आणि नोंदवही उघडली. चष्मेवाल्याने तर पोलिसासारखी उलटतपासणीच सुरू केली. “खोलीत काय होतं, सांगा बघू.”

“माणसाएवढं उभं घड्याळ होतं. बरोबर सेकंदाला एक ठोका. ते बंद करायचं तर त्याच्या पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली मालकाकडे होती आणि मालक गावाला गेला होता. रेकॉर्डिंगवाला वैतागला होता, आणि वेळ मात्र त्याच घड्याळावर मोजत होता.”

मला आतून आनंदाची उकळी फुटली. माणसाएवढं उभं म्हणजे वजनाचंच! पण मास्तर म्हणाले, “अहो बाई, टिकटिक रेकॉर्डवर ऐकू येतेच. ते कुणीही सांगेल. तुम्ही गाऊनच दाखवा. तबकडीबरोबर.”

हा आमचा नियम होता. दावा करणाऱ्याने तबकडीबरोबर गायचं. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. तिने पहिला सूर धरला, आणि तो तबकडीच्या सुराच्या खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा खाली. लयीतही ती मागेच राहायची, बस सुटल्यावर धावणाऱ्या माणसासारखी. कंडक्टरांनी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

“मी एवढ्या वर गायलेच नव्हते,” ती म्हणाली. “हे पळतंय. मशीन तपासा ना.”

आता माझ्या मशीनवर आलं होतं. मी वेग तपासायची पट्ट्यांची चकती काढली, तबकडीवर ठेवली, ट्यूबलाइट लावली. वेग बरोबर असला की त्या प्रकाशात चकतीवरच्या पट्ट्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. थांबल्या. केसभरही हलल्या नाहीत. “मावशी, मशीन बरोबर आहे,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. छाती थोडी फुगवूनच म्हणालो. मास्तरांनी वही मिटली.

मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो, कारण न जाणं वाईट दिसलं असतं. फुटपाथवर ती थांबली. राग नव्हता, तेच जास्त टोचलं.

“तुमच्या वहीत नाव नकोय मला,” ती म्हणाली. “तुझ्या आईने एकदा म्हणावं, त्या तीन दुपारी ताई खोटं बोलली नव्हती. बास. दुसरं काही नको.”

कसल्या तीन दुपारी, मी विचारलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

ती एकवीस वर्षांची होती, टायपिंगच्या क्लासला जायची. क्लासच्या वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंगची खोली होती. जिन्यात ती गुणगुणताना संगीतकाराने ऐकलं आणि तीन दुपारी तिला वर बोलावलं. इकडे क्लासच्या हजेरीत तीन गैरहजेऱ्या लागल्या, क्लासवाल्याने आजोबांना चिठ्ठी पाठवली. आजोबांनी विचारलं, कुठे होतीस? तिने खरं सांगितलं. दाखव रेकॉर्ड, म्हणाले. रेकॉर्ड आली सहा महिन्यांनी. त्यावर नावं दुसऱ्यांची, आणि आवाज पोरसवदा, चिरका, तिचा नव्हेच. आजोबांनी शेजाऱ्यांच्या मशीनवर ती एकदाच ऐकली आणि विचारलं, “ही तू?” तोवर गल्लीभर झालं होतं की ही कुणाबरोबर तरी हिंडत होती. तिला बघून, पसंत करून गेलेलं एक स्थळ होतं. त्यांच्यापर्यंत गेलं. त्यांनी निरोप पाठवला की थोरली नको, धाकटी चालेल.

धाकटी म्हणजे माझी आई. स्थळ म्हणजे माझे बाबा. हे मावशीने सांगितलं नाही. तेवढं गणित मलाही येतं.

मंगळवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तबकडी लावली, मनगटावरचं घड्याळ समोर ठेवलं आणि अकरा वर्षांत आमच्यापैकी एकाही विद्वानाला जे सुचलं नव्हतं ते केलं. टिकटिक मोजली. वीस सेकंदांत तेवीस ठोके. पुन्हा मोजली. तेवीस. आम्ही त्या घड्याळाची जात, कूळ, लाकूड सगळं काढलं होतं. ते सेकंदाला किती वाजतंय हे कुणी पाहिलं नव्हतं. माझं मशीन बरोबरच होतं. कंपनीनेच वेग वाढवून तबकडी काढली होती, गाणं चटपटीत व्हावं आणि आवाज कोवळा वाटावा म्हणून.

ज्या स्क्रूला मी कुणाला हात लावू देत नाही, तो पेचकसाने उलटा फिरवला. बावीस ठोके. एकवीस. वीस झाले आणि समोर मावशी गायला लागली. आवाज भरदार, खालचा, जरा ओलसर. श्वास घ्यायची पद्धतसुद्धा तीच, आलापाच्या मध्येच, चोरून. मी खुर्चीत बसून राहिलो. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. मारली नाही. आपण असं नुसतं म्हणतो.

रविवारी मंडळींना ऐकवलं.  मग चष्मेवाला म्हणाला, “ते घड्याळच पुढे पळत असेल.” कंडक्टरांना त्यांची नटी सोडवेना. मास्तरांनी वहीत लिहिलं: ‘तिसरी – एका वृद्ध महिलेचा दावा. पुरावा: घड्याळ. निर्णय राखून ठेवला आहे.’ अकरा वर्षं ज्या बाईला शोधत होतो ती सापडल्याचा एकालाही आनंद झाला नाही. सापडली तर रविवारी करायचं काय?

पण ते जाऊ दे. मी ते संथ केलेलं गाणं फोनमध्ये भरून घेतलं आणि संध्याकाळी आईसमोर ठेवलं. आई वाटाणे सोलत होती. पहिल्या आलापाला तिचे हात थांबले. पूर्ण ऐकलं तिने. मी म्हणालो, “आई, ही मावशी आहे. त्या तीन दुपारी ती खरंच गात होती. कंपनीने रेकॉर्डचा वेग वाढवला, म्हणून ओळखू आली नाही.”

“हो,” आई म्हणाली. “असंच गात होती.”

“म्हणजे?”

“दाराबाहेर असंच ऐकू आलं होतं.” तिने एक शेंग उचलली, फोडली. “दुसऱ्या दुपारी मी तिच्या मागे गेले होते. मलाही वाटलं होतं, काहीतरी भानगड आहे. ती क्लासच्या दारावरून वर गेली. मी जिन्यात उभी राहिले. बराच वेळ गात होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला कुणी विचारलं नाही.”

“आई!”

“तुझे बाबा मला आवडले होते,” ती म्हणाली. “तिला बघायला आले तेव्हाच. मी चहा घेऊन बाहेर आले होते. अठरा वर्षांची होते रे मी. गप्प बसायला काही करावं लागत नाही. पहिला आठवडा जड जातो, मग सवय होते.” वाटाण्यांचं भांडं तिने जवळ ओढलं. “तिला सांगू नकोस. या वयात झेपायचं नाही तिला.”

कुणाला झेपायचं नाही, हे मी विचारलं नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्यावर ओरडायची सोय नव्हती. आणि आईवर ओरडायला मी निघालो, तर मी कुठून आलो इथपासून सुरुवात करावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो, दुरुस्त केलेली इस्त्री घेऊन. तिला गाणं ऐकवलं. डोळे मिटून तिने ऐकलं. “हां. आता बरोबर,” एवढंच म्हणाली, प्रूफ तपासून झाल्यासारखं. मग सरळ माझ्याकडे बघितलं. “तिने ऐकलं? काय म्हणाली?”

जिना चढताना मी ठरवलं होतं की खरं सांगायचं. या बाईशी निदान एक माणूस तरी खरं बोलला पाहिजे. तिचा चेहरा बघितला आणि कच खाल्ली.

“म्हणाली, आता पटलं. ताई खोटं बोलली नव्हती, म्हणाली.”

मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मला वाटलं आनंदाने रडेल. ती रडली, पण तिचा चेहरा लाजल्यासारखा, अपराधी झाला होता.

“म्हणजे तिला ठाऊक नव्हतं,” ती म्हणाली. “अरे, मला इतकी वर्षं वाटायचं तिला ठाऊक आहे. दुसऱ्या दुपारी जिन्यात चपला वाजल्या होत्या, मला तिच्याच वाटल्या. म्हटलं, हिने ऐकलं आणि मुद्दाम गप्प बसली. सख्ख्या बहिणीबद्दल असलं घाणेरडं मनात धरून बसले मी. म्हणून तर तिच्याकडे कधी जेवले नाही. लाव, तिला फोन लाव.”

“मावशी, राहू दे ना. नंतर बोल.”

“लाव म्हणते ना.”

मी लावला. दुकानात हात अडकलेले असतात, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर. आईने उचलला. मावशीने तिला सगळं सांगितलं: चपला, संशय, न जेवणं, सगळं. ती कधी एवढं सलग बोललेली मी ऐकलं नव्हतं. “मला माफ कर गं,” ती म्हणाली. “मी तुझ्यावर फार मोठा अन्याय केला.”

पलीकडे नळ चालू असल्याचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. मी फोनकडे बघत राहिलो. आता बोलेल, असं मला खरंच वाटत होतं.

“असू दे गं ताई,” आई म्हणाली. “मी कधीच मनातून काढून टाकलंय.”

मावशीने पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरला. “बघ,” ती म्हणाली, “किती मोठं मन आहे तुझ्या आईचं.”

मी “हो” म्हणालो.