मशीनचं हाय आणि आमचं हाय

"सर, ह्यात तर 'हाय' म्हटलंय," मुलगी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली. "आन् खिडकीवरचे म्हणत्यात, न्हाई. खरं कुणाचं धरू?"

तिचं नाव भाग्यश्री. पहाटे जतहून निघून, सांगलीत एसटी बदलून ती साताऱ्याजवळच्या आमच्या विद्यापीठात पोचली होती. बी.एस्सी. आमच्याकडची. एम.एस्सी.साठी कर्नाटकातल्या एका कॉलेजात नंबर लागला होता. दुसऱ्या विद्यापीठात जाताना आधीच्या विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. 'हिला सोडायला आमची हरकत नाही' असं सांगणारा कागद. तो मूळ कागद शनिवारी सकाळी कॉलेजात दाखवला नाही, तर जागा वेटिंगवाल्याला जाणार होती. त्या दिवशी मंगळवार होता.

मी विद्यापीठाचा सिस्टिम मॅनेजर. म्हणजे सर्व्हर, वायफाय, वेबसाइट आणि कुठलाही प्रिंटर अडला की मिळणारे टोमणे, सगळं माझ्याकडे. तेव्हा आम्ही संपूर्ण कॅम्पसचा टेक्नॉलॉजी प्लॅन करत होतो. कुठल्या विभागाला काय लागेल, कुठलं काम कशाने सोपं होईल, असा मोठा आराखडा. त्यातलं माझं लाडकं कलम होतं चॅटबॉट. वेबसाइटवर प्रश्न टाइप करायचा, विद्यापीठाच्या नोंदी बघून उत्तर मशीन देणार. त्याची ट्रायल सुरू होती.

मी भाग्यश्रीचा मोबाईल पाहिला. तिने विचारलं होतं, "माझं मायग्रेशन तयार हाय का?"

मशीनचं उत्तर होतं, "हाय! विद्यापीठात आपलं स्वागत आहे."

आधी मला हसू आलं, मग लक्षात आलं की हे आमचंच काम.

झालं होतं असं. चॅटबॉटला माणसासारखं काही कळत नसतं. तो वाक्यातले शब्द बघतो आणि कप्पे लावतो. 'निकाल' दिसला की परीक्षेचा कप्पा, 'खोली' दिसली की हॉस्टेलचा. सगळ्यात पहिला कप्पा नमस्काराचा. 'हाय', 'हॅलो' दिसलं की हा स्वागत करून मोकळा, पुढचं वाचतच नाही. आम्ही ट्रायलसाठी नमुन्याचे प्रश्न लिहिले होते, ते प्लॅनच्या समितीने तपासून शुद्ध करून दिले होते. सगळीकडे "आहे का?" त्यामुळे ऑफिसात मशीन पहिल्या नंबराने पास.

"म्हंजे हे मला नुस्तं हाय-हॅलो करतंय व्हय?" भाग्यश्री म्हणाली. "एवढ्या लांबनं बोलावून?"

कागदावर सही व्हायची असेल, ती झाली की कळेल, एवढंच मी सांगितलं.

"कशावर कळंल? ह्याच्यावरच का?" ती उठली. "परत फुकट हेलपाटा झाला तर ॲडमिशन गेलं, सर." मी तिला माझा नंबर लिहून दिला.

मी पाटणकडचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. निकालासाठी मीही याच खिडकीवर आलोय आणि "अजून न्हाई" ऐकून परत गेलोय. पुढे याच विद्यापीठाने मला नोकरी दिली, त्याचं मोल मला ठाऊक आहे. गावाकडची पोरं दिवस मोडून इथे येतात ती बहुतेक वेळा एकच शब्द ऐकायला. हाय किंवा न्हाई. तो हेलपाटा वाचावा म्हणून हे मशीन आणलं, आणि त्याला नेमके तेच दोन शब्द येत नव्हते.

मी पुण्याच्या कंपनीत फोन लावला. तिथल्या इंजिनिअर बाई फार गोड बोलायच्या.

"सर, हाय डिफॉल्ट ग्रीटिंग आहे. तुम्ही स्टुडंट्सना 'आहे' टाइप करायला सांगा ना."

"मॅडम, खंडाळ्यापासून जतपर्यंत सगळ्यांना सांगावं लागेल. तुमचा कप्पा बदलायला किती वेळ लागतो?"

"कप्पा ना? पाच मिनिटं."

"मग आधी तो बदलू. दोन जिल्हे नंतर बघू."

'हाय' स्वागतातून बाहेर पडला. मग बाकीचे शब्द गोळा करायला मी आईला फोन केला. व्हय, न्हाई, कवा, लय, मिळंल, भेटंल. आईने सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "हाय म्हणू नगं म्हणून गुरुजी तुला शाळेत मारत हुतं. आन् आता पगार घिऊन मशिनला हाय शिकवतुयास व्हय रं?"

गुरुवारी प्लॅनची बैठक होती. कुलसचिव सरांना, म्हणजे आमच्या प्रशासनाच्या प्रमुखांना, चॅटबॉटची तक्रार पोचली होती. "हे कलम काढायचं की ठेवायचं, आत्ताच ठरवू," असं म्हणत त्यांनी स्वतः कीबोर्ड ओढला. सर मूळचे विदर्भातले. त्यांनी सभ्यपणे इंग्रजी नमस्कार टाइप केला, "हाय."

पडद्यावर उत्तर आलं, "काय हाय का? नीट सांगा."

अर्धवट प्रश्नासाठी हे वाक्य मीच टेस्टिंगपुरतं घातलं होतं आणि बदलायचं विसरलो होतो.

"हे रागावलंय का माझ्यावर?" सर म्हणाले.

"नाही सर. इथे असंच विचारतात," मी म्हणालो. "भाग्यश्रीच्या मायग्रेशनचं विचारून बघा. तिच्याच शब्दांत."

सरांनी मी सांगितलेला तिच्या अर्जाचा नंबर घातला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "तयार हाय का?"

"नाही. कुलसचिवांच्या सहीसाठी थांबलं आहे."

आधी कोपऱ्यातून कुणीतरी खोकलं, मग सर स्वतःच हसले. "हे तर माझीच चुगली करतंय," म्हणाले. "ठेवा हे कलम. आणि ती फाईल आणा, आत्ता."

थोड्या वेळाने माझा मोबाईल वाजला.

"सर, मी जतची भाग्यश्री. ह्यात 'हो, तयार आहे' असं आलंय." मग खात्री करायला तिने विचारलं, "म्हंजे हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणालो.

"तुमचं हाय का मशिनचं?"

"माझं. सही झालेली मी बघितली."

"मग उद्या पहिल्या गाडीनं निघते."

शुक्रवारी ती कागद घेऊन गेली आणि शनिवारी तिचं ॲडमिशन झालं. प्लॅनमध्ये मी एक ओळ वाढवली: कुठलंही मशीन घेण्याआधी त्याला गावाकडच्या माणसाने प्रश्न विचारावा. समितीने ती मंजूर केली. फक्त 'गावाकडच्या'चं 'ग्रामीण' केलं.